बोरिक ॲसिड: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की बोरिक ॲसिड हे व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडपेक्षा तीस हजार पटीने कमकुवत असतं, आणि त्या एका वाक्यावर एवढे मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत, काही लांबलचक होते ते छाटलेत. मी बावीस वर्षं निकेल प्लेटिंगच्या लॅबमध्ये काढलीत त्यामुळे या पांढऱ्या पावडरीवर माझं जरा जास्तच प्रेम आहे, कुठे वाहवत गेले तर सांभाळून घ्या.

प्रश्न: मॅडम, कॅरम बोर्डवर टाकतो ती बोरिक पावडर आणि बोरिक ॲसिड एकच का? ॲसिड असेल तर बोटांना काहीच कसं होत नाही?

एकच. म्हणजे डब्यावर बोरिक लिहिलेलं असेल तर एकच, नुसतं कॅरम पावडर लिहिलं असेल तर आत काय आहे ते बघावं लागेल.

आता बोटांना का काही होत नाही ते. ॲसिड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बाटली, धूर, भोक पडलेला शर्ट असलं काहीतरी येतं, पण ॲसिडची ताकद म्हणजे पाण्यात गेल्यावर किती प्रोटॉन मोकळे सोडतो एवढंच. हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात टाकलं की जवळपास सगळे रेणू फुटतात. ॲसिटिकचं तेवढ्याच तीव्रतेचं द्रावण घेतलं, समजा ०.१ मोलर, तर साधारण पंचाहत्तरातला एक फुटतो. आणि बोरिकचं घेतलं तर तेरा हजारांत एखादा! पीएच मोजला तर पहिल्याचा १, दुसऱ्याचा २.९ आणि बोरिकचा ५.१ च्या आसपास, आणि स्वच्छ पावसाच्या पाण्याचाच पीएच ५.६ असतो, म्हणजे बघा कुठे येऊन बसलंय ते.

अजून एक गंमत आहे जी शाळेच्या पुस्तकात सहसा एका ओळीत उरकतात. बोरिकच्या रेणूत मधे बोरॉन आणि त्याला तीन ओएच चिकटलेले, पण तो आपल्या ओएचमधला हायड्रोजन देतच नाही. बोरॉनकडे बाहेरच्या कक्षेत सहाच इलेक्ट्रॉन असतात, दोन कमी, त्यामुळे तो पाण्याकडून एक ओएच ओढून घेतो आणि पाण्याचा उरलेला प्रोटॉन मोकळा सुटतो. म्हणजे दान केल्याचं नाव बोरिकचं आणि पैसे गेले पाण्याच्या खिशातून. म्हणून याला लुईस ॲसिड म्हणतात, आणि तीन हायड्रोजन दिसत असूनही ते एकच प्रोटॉन देणारं ॲसिड धरतात.

सोंगट्या सटासट का पळतात त्याचा आणि ॲसिडचा काही संबंध नाही, ती स्फटिकाच्या रचनेची करामत. बोरिकचे रेणू चपटे असतात आणि हायड्रोजन बाँडने एकमेकांना धरून त्यांचे पातळ पातळ थर होतात, पत्त्यांच्या गड्डीसारखे. थराच्या आत पकड चांगली पण थराथरांमधली एकदम ढिली, त्यामुळे जरा दाब दिला की पानं एकमेकांवरून घसरतात. ग्रॅफाइटचं जे असतं तेच. चिमूटभर दोन बोटांत चोळून बघा, साबणाच्या चुऱ्यासारखं बुळबुळीत लागतं. फक्त नंतर हात धुवा, का ते खाली येतंय.

प्रश्न: मी दहावीत आहे. बोरिक ॲसिडच्या पाण्यात खायचा सोडा टाकला पण अजिबात फसफसलं नाही. पावडर डुप्लिकेट आहे का?

अरे नाही, पावडर अस्सल आहे आणि तुझा प्रयोगही बरोबर आहे, तू न फसफसण्याचा शोध लावलास एवढंच. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा तर आलेलं ॲसिड कार्बोनिक ॲसिडपेक्षा दमदार पाहिजे. कार्बोनिकचा पीकेए ६.३५ आणि बोरिकचा ९.२४, हा आकडा जेवढा मोठा तेवढं ॲसिड कमकुवत, तर बोरिक हे सोडावॉटरमधल्या ॲसिडपेक्षाही काही शे पट कमकुवत पडतं. ते बिचारं त्याला हाकलणार कसं.

पण आता पुढची पायरी कर, घरच्यांना किंवा सरांना सोबत घेऊन. त्याच मिश्रणात थोडं ग्लिसरीन टाक. बुडबुडे यायला लागतात. ग्लिसरीन, मॅनिटॉल, सॉर्बिटॉल असल्या शेजारी शेजारी ओएच असलेल्या पदार्थांनी बोरॉनला दोन्हीकडून कवटाळलं की ते ॲसिड एकदम हजारो पटीने जोरकस होतं. जुने औषधं बनवणारे हे चांगलं ओळखून असायचे कारण टाकणखार, सोडा आणि ग्लिसरीन एका बाटलीत घालून बूच लावलं की आत गॅस साठायचा. तू बूच लावू नकोस.

प्रश्न: टाकणखार म्हणजेच बोरिक ॲसिड ना?

नाही. नातेवाईक आहेत पण एक नाहीत. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, सोडियमचा क्षार, पाण्यात घातला की पीएच ९.२ च्या आसपास म्हणजे अल्कधर्मी. बोरिक थोडंसं आम्लधर्मी. टाकणखारावर सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की बोरिक मिळतं. १७०२ मध्ये विल्हेल्म होमबर्गने टाकणखारापासूनच ते पहिल्यांदा वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं शामक मीठ, कारण त्याला वाटलं याने माणूस शांत होतो! सोनारकामात दोन्ही लागतात. टाकणखार डाग देताना फ्लक्स म्हणून, आणि बोरिक अल्कोहोलमध्ये कालवून दागिन्यावर लावतात, अल्कोहोल पेटून जातं आणि मागे जो पांढरा थर उरतो तो तापल्यावर काचेसारखा वितळून धातूला काळं पडू देत नाही. ते अल्कोहोल जळताना ज्वाळेला सुंदर पोपटी हिरवी कड येते, ती बोरॉनची खूण. एका वाचकाने तो हिरवा जाळ मिथेनॉल वापरून करू का असं विचारलंय. घरात नको. मिथेनॉलच्या बाटलीने पेट घेऊन शाळांच्या प्रयोगात मुलं भाजल्याच्या घटना झाल्यात.

प्रश्न: आमचं छोटं निकेल प्लेटिंगचं युनिट आहे. केमिकलवाला दर वेळी बोरिक वाढवा म्हणतो. ते नक्की करतं काय? कमी टाकून भागेल का?

हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न, जरा बसा.

तुमचा बाथ, म्हणजे टाकीतलं प्लेटिंगचं द्रावण, बहुतेक वॉट्स बाथच असणार, ऑलिव्हर वॉट्सने १९१६ मध्ये दिलेला फॉर्म्युला, शंभर वर्षं झाली तरी सगळे तोच वापरतायत: निकेल सल्फेट लिटरला २४०-३०० ग्रॅम, थोडं निकेल क्लोराइड आणि बोरिक ३० ते ४५ ग्रॅम. कुणालाही विचारा बोरिक कशाला तर उत्तर येतं बफर, म्हणजे पीएच फारसा हलू न देणारा पदार्थ. पण नीट विचार करा, बाथचा पीएच आपण ठेवतो ४ च्या आसपास आणि बोरिकचा पीकेए ९.२, बफर आपल्या पीकेएच्या जवळपासच काम करतो, मग ४ ला हे काय बफर करणार? मी नवीन असताना हा प्रश्न सिनियरना विचारला तर ते म्हणाले पुस्तकात लिहिलंय ना मग गप टाक.

खरी गोष्ट अशी की पीएच मीटर बुडवतो तिथे, टाकीच्या मधल्या पाण्यात, बोरिकचं फारसं काम नसतंच. काम असतं जॉबच्या, म्हणजे निकेल चढवायच्या वस्तूच्या, पृष्ठभागाला चिकटून जो पाण्याचा अगदी पातळ थर असतो तिथे. जॉबवर निकेल बसतं तसं थोडं हायड्रोजनही सुटतं, प्रोटॉन खर्च होतात, त्यामुळे त्या थरात पीएच चढत जातो आणि एका हद्दीपुढे गेला की निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं, हिरवट चिकट, ते निकेलच्या थरात अडकतं. मग कडा जळतात, थर ठिसूळ होतो, खड्डे पडतात. बोरिक नेमकं तिथे आडवं येतं, चढणारा पीएच धरून ठेवतं, आणि निकेलचे आयन आजूबाजूला असले की त्याची बफर करायची जागा खालच्या पीएचकडे सरकते असंही दिसतं, निकेल-बोरेटचं काही कॉम्प्लेक्स बनतं असं मानणारे बरेच आहेत. म्हणजे इथे त्याचं कमकुवत असणंच कामाचं आहे, जोरदार ॲसिड घातलं असतं तर सगळ्या टाकीचाच पीएच घसरला असता आणि निकेल बसण्याऐवजी नुसतं हायड्रोजन निघत बसलं असतं.

कमी टाकून भागेल का? मी काम करायचे तिथे एकदा नळांची अख्खी लॉट कडेला काळपट आणि अंगावर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके घेऊन आली, ऑपरेटर दोन दिवस ब्राइटनर वाढवतोय, वेटिंग एजंट वाढवतोय, फिल्टर बदलतोय, शेवटी सॅम्पल लॅबमध्ये आलं तर बोरिक २१ ग्रॅम. कुणी तपासलंच नव्हतं कारण ते खर्च होत नाही असं सगळे धरून चालले होते. खर्च होत नाही हे खरं, पण जॉबला चिकटून बाहेर जातंच की, ज्याला आपण ड्रॅग आउट म्हणतो.

तपासायची पद्धत वर दहावीतल्या मुलाला सांगितली तीच. नुसत्या कॉस्टिकने टायट्रेट करायला, म्हणजे किती कॉस्टिक लागलं त्यावरून बोरिक मोजायला, गेलात तर शेवट कळतच नाही इतकं ते मवाळ. मॅनिटॉल चमचाभर टाका, रंग बदलून शेवट दाखवणारं ब्रोमोक्रेसॉल पर्पल टाका आणि मग कॉस्टिक घालत जा, हिरव्याचं निळसर जांभळं झालं की थांबा.

आणि सोमवारची सकाळ. शनिवार-रविवार हीटर बंद, टाकी गार पडलेली, बघावं तर ॲनोडच्या पिशव्या पुठ्ठ्यासारख्या कडक आणि तळाला पांढरी खडी. ती घाण नाही, बोरिक आहे! पाण्यात २० अंशाला १०० मिलीत ते पाच ग्रॅमच्या आतबाहेरच विरघळतं, उकळत्या पाण्यात त्याच्या पाच-सहा पट, त्यामुळे बाथ गार झाला की ते बाहेर येऊन बसतं. अशा वेळी सॅम्पल घेतलंत तर बोरिक कमी दिसणार, तुम्ही अजून ओतणार, दुपारी टाकी तापली की जास्त झालेलं दिसणार. आधी ५०-५५ अंशाला आणा, हलवा, मग सॅम्पल घ्या. वाढवायचं असेल तर पावडर थेट टाकीत भुरभुरू नका, कण तरंगत जॉबवर बसतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पिशवीत भरून फिल्टरच्या परतीच्या धारेखाली टांगा.

प्रश्न: अणुभट्टीत बोरिक ॲसिड घालतात हे खरं का? का घालतात?

खरं. आणि तिथे ॲसिड म्हणून त्याला काडीची किंमत नाही, किंमत आहे बोरॉनच्या अणुकेंद्राला.

निसर्गातल्या बोरॉनमध्ये साधारण २० टक्के बोरॉन-१० असतो, बाकी बोरॉन-११. हा १० वाला न्यूट्रॉनचा प्रचंड भुकेला. न्यूट्रॉन पकडायची शक्यता बार्न नावाच्या एककात मोजतात, बोरॉन-१० साठी मंद न्यूट्रॉनना हा आकडा सुमारे ३८४० बार्न आणि बोरॉन-११ साठी एका बार्नच्याही खूप खाली. न्यूट्रॉन गिळला की त्याचे दोन तुकडे होतात, लिथियम-७ आणि एक अल्फा कण, विषय संपला. साखळी प्रक्रियेला न्यूट्रॉन लागतात, तेच गिळले की वेग कमी.

प्रेशराइज्ड वॉटर प्रकारच्या भट्टीत हे गरम पाण्यातच विरघळवून फिरवतात. नवीन इंधन भरलं की त्याच्यात दम जास्त असतो, तेव्हा पाण्यात बोरॉन हजार पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वर ठेवतात, आणि जसजसं इंधन थकत जातं तसं महिन्यामहिन्याने पातळ करत आणतात, इंधन बदलायची वेळ येईपर्यंत जवळपास शून्य. कंट्रोल रॉड, म्हणजे न्यूट्रॉन गिळणाऱ्या सळ्या, वरखाली करण्यापेक्षा हे बरं कारण पाण्यातलं बोरिक सगळीकडे सारखं पोचतं. पीएच सांभाळायला सोबत थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घालतात. २०११ मध्ये फुकुशिमाला समुद्राचं पाणी आत पंप करत होते तेव्हाही बोरिक सोबत घातलं होतं, साखळी परत सुरू होऊ नये म्हणून.

आता ज्यांना कमकुवत म्हणजे निरुपद्रवी असं वाटतं त्यांच्यासाठी डेव्हिस-बेसीची गोष्ट. अमेरिकेत ओहायो राज्यातली अणुभट्टी. तिच्या पात्राच्या झाकणातून कंट्रोल रॉडच्या नळ्या आत जातात, त्यातल्या एका नळीला बारीक तडा गेला आणि बोरिकवालं पाणी थेंब थेंब बाहेर झिरपायला लागलं. झाकण भयंकर गरम, पाणी उडून जायचं, बोरिक मागे उरायचं, त्यावर परत थेंब, परत सुकणं, असं चालू राहिलं. पातळ द्रावणात बोरिक कार्बन स्टीलचं फार वाकडं करत नाही पण गरम आणि घट्ट झालं की ते स्टील खातं. आतल्या हवेचे फिल्टर गंजाच्या बारीक धुळीने सारखे तुंबायचे, ते बदलत राहिले, झाकणावर तांबूस साका होता तोही दिसलेला होता. मार्च २००२ मध्ये भट्टी बंद करून दुरुस्तीला घेतली तेव्हा कळलं की झाकणाचं सहा इंचांहून जाड स्टील एका जागी आरपार खाऊन टाकलंय, अननसाएवढा खड्डा, आणि आतला प्रचंड दाब फक्त आतल्या बाजूच्या स्टेनलेस स्टीलच्या पातळ अस्तराने तोलून धरला होता, जे जेमतेम सेंटिमीटरभर जाड होतं आणि फुगायला लागलं होतं. फुटलं नाही हे नशीब. भट्टी परत सुरू व्हायला २००४ उजाडलं.

मला यातली फिल्टरची गोष्ट सगळ्यात जास्त लागते. फिल्टर लालसर येतोय, बदला, परत लालसर, परत बदला. आमच्या प्लेटिंगमधला ऑपरेटर दोन दिवस ब्राइटनर ओतत होता तेच हे.

प्रश्न: हे निसर्गात असंच सापडतं का कारखान्यात बनवतात?

दोन्ही. इटलीत टस्कनीमध्ये जमिनीतून वाफेचे झोत येतात आणि त्यांच्या आजूबाजूच्या गरम डबक्यांत बोरिक असतं, हे १७७७ मध्ये उबेर्तो होएफर नावाच्या रसायनकाराने दाखवलं. वाफेतून कसं येतं म्हणाल तर बोरिकची एक खोड आहे, ते पाण्याच्या वाफेबरोबर थोडं थोडं उडून जातं, जमिनीखालून येणारी वाफ त्याला वर घेऊन यायची. १८१८ पासून तिथे फ्रान्स्वा द लार्देरेलने ते काढायचा धंदा सुरू केला, आधी डबक्यातलं पाणी लाकडं जाळून आटवायचे, जंगल संपत आलं, मग १८२७ च्या सुमाराला त्याने जमिनीतलीच वाफ आटवायला वापरली. गावाचं नावच पुढे लार्देरेल्लो पडलं. आणि १९०४ मध्ये त्याच वाफेवर तिथे काही दिवे पेटवून दाखवले, १९१३ ला वीजकेंद्र सुरू झालं. म्हणजे भूगर्भातल्या उष्णतेवर वीज करायची जगातली सुरुवात या पावडरीच्या धंद्यातून झाली, हे मला स्वतःला फार आवडतं.

आता मात्र खाणीतली बोरेट खनिजं सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवून, गाळून, गार करून स्फटिक काढतात. गार केलं की बाहेर येतं हे वर सोमवारच्या सकाळीत सांगितलंच. बोरेटचे जगातले सगळ्यात मोठे साठे तुर्कस्तानात, त्याखालोखाल मोठं नाव कॅलिफोर्नियाचं, तिथे तर खाणीच्या गावाचं नावच बोरॉन आहे.

प्रश्न: काचेत बोरिक कशाला? काच तर वाळूची ना?

वाळूचीच, पण साध्या सोडा-लाइम काचेत गरम पाणी ओतलं की तडकते कारण तापल्यावर ती बरीच फुगते आणि आतबाहेर फुगण्यात फरक पडला की ताण येतो. त्यात १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड असेल तर फुगणं साधारण एक तृतीयांशावर येतं. ओट्टो शॉटने जर्मनीत येना इथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे जमवलं, १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आलं. तुमच्या शाळेतलं बीकर, परीक्षानळी याच घराण्यातलं.

बोरिक भट्टीत पडलं की टप्प्याटप्प्याने पाणी सोडतं, आधी मेटाबोरिक मग बोरॉन ऑक्साइड, १०० किलोतून ५६ किलो उरतं आणि बाकी वाफ. मग स्वस्तातला टाकणखार का नाही घालत असा पुढचा प्रश्न येईल. घालतात, जिथे सोडियम चालतं तिथे. पण विजेच्या कामाचा ग्लास फायबर किंवा टीव्ही-मोबाइलच्या स्क्रीनची काच असली तर सोडियम नको असतं, ते विजेच्या बाबतीत नडतं, तिथे बोरिकच. प्रमाणात बघितलं तर जगातलं बोरॉन सगळ्यात जास्त काचेत आणि ग्लास फायबरमध्येच जातं, बाकी सिरॅमिकची ग्लेझ, खतं, डिटर्जंट वगैरे.

जळू नये म्हणूनही वापरतात, कापसाच्या गाद्यांत, जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्यापासून केलेल्या इन्सुलेशनमध्ये. तापलं की पाणी सोडतं आणि वर काचेसारखी साय धरतं, त्यामुळे कागद पेटण्याऐवजी नुसता काळा कोळसा होऊन बसतो.

प्रश्न: झुरळांसाठी कोपऱ्याकोपऱ्यात बोरिकचे ढीग घातले, झुरळं ढिगाला वळसा घालून जातात. फसवणूक आहे का ही?

फसवणूक नाही, ढीग चुकला. झुरळ डोंगर चढायला जात नाही, बाजूने निघून जातं. दिसेल न दिसेल इतका पातळ थर फटीत, फ्रिजमागे, पाइपच्या कडेला. ते त्यावरून चालतं, पायांना मिशांना लागतं, मग स्वतःला साफ करताना पोटात जातं आणि काही दिवसांनी मरतं, लगेच नाही. धीर धरवत नाही म्हणून लोक वरून स्प्रे मारतात, त्याच्या वासाने झुरळं ती जागाच टाळतात आणि बोरिक वाया. थर ओला झाला की काम संपलं. कीटकनाशक म्हणून अमेरिकेत याची नोंदणी १९४८ ला झाली, एवढ्या वर्षांत कीटकांनी याला दाद देणं बंद केलंय असं फारसं झालं नाही.

मुंग्यांचं उलट गणित. साखरेच्या पाण्यात एक टक्क्याच्या आसपासच घाला, जास्त घातलंत तर आलेली मुंगी तिथेच मरते आणि वारुळापर्यंत काही पोचत नाही.

प्रश्न: आमच्या आजी लहान मुलांच्या रॅशवर बोरिक पावडर लावायच्या. आता डॉक्टर नको म्हणतात. एवढं कमकुवत ॲसिड, काय होतंय?

डॉक्टरांचं ऐका. इथे कमकुवत हा शब्द सगळ्यात जास्त घात करतो. ते ॲसिड म्हणून कमकुवत आहे, विष म्हणून नाही. धडधाकट कातडीतून ते फारसं आत जात नाही पण रॅश म्हणजे सोललेली कातडी, तिथून जातं, आणि बाळ लहान असलं की थोडंसुद्धा जास्त होतं. मागच्या शतकात रॅशवर सारखी बोरिक पावडर लावून किंवा चुकून बोरिकचं पाणी दुधात मिसळलं जाऊन बाळं दगावलेली आहेत, म्हणूनच ते बंद झालं. आजींची चूक नाही हो, जंतुनाशक शस्त्रक्रियेची सुरुवात करणाऱ्या सर्जन लिस्टरने स्वतः १८७० च्या दशकात जखमांवर बोरिकची पट्टी वापरली होती, तेव्हापासून ते घराघरात गेलं.

खाण्याचे पदार्थ टिकवायलाही सर्रास घालायचे. १९०२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या हार्वी वायलीने बारा तरुण स्वेच्छेने जेवायला बसवले आणि जेवणात सगळ्यात आधी बोरॅक्स आणि बोरिक देऊन बघितलं. डोकेदुखी, पोटदुखी, भूक मेली. वर्तमानपत्रांनी त्या पोरांना विषपथक असं नाव ठेवलं.

युरोपियन युनियनने २०१० मध्ये बोरिक ॲसिड प्रजननाला घातक ठरू शकणाऱ्या, काळजीच्या पदार्थांच्या यादीत टाकलं. तेव्हा कामावर रोज पोत्यातून बोरिक ओतणाऱ्यांनी मास्क घालायचाच, ही माझी भीक मागून विनंती आहे, आम्ही वीस वर्षांपूर्वी नाही घातला. डोळ्यांच्या थेंबात आणि लेन्सच्या सोल्युशनमध्ये ते आजही असतं पण मोजून-मापून आणि निर्जंतुक, डब्यातली पावडर पाण्यात कालवून डोळे धुवू नका. कुणी गिळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी वगैरे काढत बसू नका, डबा बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना.

प्रश्न: झाडांना बोरिक घालतात ते चालतं का?

चालतं, बोरॉन झाडांना लागतोच, कॅथरीन वॉरिंग्टनने १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला घेवड्याच्या जातीच्या झाडांवर दाखवलं होतं. कमी पडला तर फुलकोबीचा दांडा आतून पोकळ आणि तपकिरी. पण कमी आणि जास्त यातलं अंतर फार थोडं, पाण्यात एक-दोन पीपीएम झाला तरी लिंबूवर्गीय झाडांची पानं कडेने करपतात. माती न तपासता अंदाजाने टाकायची ही गोष्ट नाही. बोरिकमध्ये बोरॉन साडेसतरा टक्के असतो, हिशोब त्यावर करा.

प्रश्न: जुन्या डब्यातल्या बोरिकचे गोळे झालेत. खराब झालं का? फेकू का?

खराब झालेलं नाही, दमट हवेने कण एकमेकांना धरून बसलेत. बत्त्याने फोडा, चाळणीतून काढा, आधीइतकंच कामाचं आहे. पण तो बत्ता आणि ती चाळणी परत स्वयंपाकात जाता कामा नये. आणि डब्यावर आत्ताच, हे वाचून झाल्यावर लगेच, मोठ्या अक्षरात नाव लिहा. पिठीसाखर, मीठ, सोडा आणि बोरिक एका ओळीत ठेवले तर मला बावीस वर्षांनंतरही नुसतं बघून सांगता येणार नाही कुठलं कुठलं ते.